शेततळं खोदताना नाण्यांचं मडकं लागलं, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलत्यांच्या शेतात शेततळ्याचं काम चालू होतं, जेसीबीच्या बकेटला मडकं लागून फुटलं आणि आतून नखाएवढी पांढुरकी-हिरवट नाणी मातीसकट बाहेर पडली. एका बाजूला माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखं काहीतरी. थोडी नाणी जमलेल्या लोकांनी उचलली, थोडी चुलत्यांनी चिंचेच्या पाण्यात घालून चकचकीत केली, बाकीची घमेल्यात आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने फोटो बघून लाखोंची बोली लावली आहे. तुम्ही विचारताय की यांची किंमत किती येईल, उरलेली साफ कशी करायची, आणि सरकारला कळवलं तर शेत जाईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच धास्तीपायी लोक बाकीचं सगळं बिघडवून ठेवतात. शेत जात नाही. जमिनीत सापडलेल्या धनाला जो कायदा लागतो तो 1878 चा, निखात निधीचा. कचेरीत सगळे त्याला ट्रेझर ट्रोव्ह म्हणतात. त्यात जमीन ताब्यात घेण्याचं कलमच नाही. पुरातत्त्व खात्याला एखादी जागा संरक्षित करायची असेल तर त्याचा कायदा निराळा, त्याची अधिसूचना निराळी. नुसत्या एका मडक्यापायी कुणाचा सातबारा बदललेला मी तरी पाहिलेला नाही. शेततळ्याचं काम मात्र काही दिवस अडेल, तेवढं धरून चाला.

राहिले किंमत आणि सफाई. हे दोन्ही प्रश्न तुम्ही सुटी नाणी डोळ्यांसमोर ठेवून विचारलेत. माझी नोकरी संग्रहालयाच्या नाणेविभागात गेली. जिल्ह्याजिल्ह्यातून सीलबंद आलेली गाठोडी उघडायची, नाणी वेगळी करायची, वजनं घ्यायची, वाचायची आणि अहवाल लिहायचा, हे काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या घमेल्यात जे आहे तो कुणीतरी कधीकाळी एका जागी पुरून ठेवलेला आणि परत न्यायला न आलेला साठा आहे. तो अजून बराचसा एकत्र आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो एकत्र राहतो की पांगतो, हाच खरा प्रश्न. नाणी कुठल्या राजाची, हे महिन्याभराने ठरलं तरी चालेल.

एकत्र राहण्याचा एवढा आग्रह का, ते आपल्याच राज्यातल्या एका साठ्यावरून सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. सुमारे 13,250 नाणी. सगळी नहपानाची. हा क्षहरात वंशातला क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातला शक राजा. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून 1908 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात अहवाल दिला. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा मारलेला होता. अशी नाणी ज्यांनी हातात घेतली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: नाणं सपाट उजेडात पाहिलं की आधी डोंगर आणि चंद्रकोर दिसते. मग ते थोडं तिरपं करायचं. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक उगवतं, कडेला त्याच्या ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्हाच्या वर्तुळांखाली त्याचा बाण आणि वज्र अर्धवट चेपलेलं असतं. दोन राजे एकाच चांदीवर, एकावर एक.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, त्यात तिच्या मुलाला, म्हणजे याच गौतमीपुत्राला, क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटलंय. आईने मुलाबद्दल कोरवून घेतलेली ती प्रशस्ती. जोगलटेंभीने तिला पुरावा दिला. पण त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा कुठल्याही एका नाण्यावर नव्हता. त्या सबंध साठ्यात नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या मधल्या कुठल्याही राजाचं नाणं नव्हतं, दुसऱ्या कुणाचा ठसाही नव्हता. म्हणजे नहपानाचं चलन थेट गौतमीपुत्राच्या हाती आलं. ‘अमुक एक नाणं यात नाही’ असं म्हणता येण्यासाठी आधी सगळी नाणी समोर असावी लागतात. त्यातली तीनशे गावात वाटली गेली असती आणि पाचशे सराफाकडे आटली असती, तर ‘नाही’ हा शब्द कुणालाच उच्चारता आला नसता.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आताच्या वाशीममध्ये, तऱ्हाळा गावी 1939 मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा निघाला. सुमारे सोळाशे नाणी, दिसायला अगदीच दरिद्री. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं काळपट मिश्रण. सराफ त्याला हातही लावणार नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं त्यांत वाचता आली. ही नाणी हजारांत थोडी, तीही झिजलेली. साठा सापडला की लोक चांगली दिसणारी नाणी खिशात टाकतात आणि काळी-वेडीवाकडी तिथेच सोडतात. आमच्या कामाची नाणी बहुतेकदा त्या सोडलेल्यांत असतात, पण निवडून उरलेल्या ढिगावरून साठ्याचं गणित करता येत नाही, हीही अडचण असतेच.

सोन्याच्या साठ्याला तर आणखी पाय फुटतात. 1946 मध्ये भरतपूर संस्थानात बयाण्याजवळ गुप्त राजांची सोन्याची नाणी मिळाली. सरकारजमा होण्याआधीच काही पांगली आणि वितळली. जी वाचली ती 1,821. अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यांची सूची केली. चंद्रगुप्त दुसरा याचा चक्रविक्रम हा प्रकार त्याआधी ठाऊकच नव्हता आणि त्या सगळ्या ढिगात त्याचं एकच नाणं होतं. कोणत्या घरातल्या मुशीत काय गेलं याचा हिशेब आता लागणार नाही.

तुमच्या नाण्यांकडे येतो. फोटो धूसर आहे आणि फोटोवरून ओळख पटवणं मी टाळतो, त्यामुळे हे सगळं ‘असेल तर’ या हिशेबाने वाचा. चेहरा एका बाजूला, डोंगर दुसऱ्या बाजूला, आणि नाणं चांदीचं असेल, तर मला तीन शक्यता दिसतात. पहिली, पश्चिमी क्षत्रपांची नाणी: डोंगराला तीन कमानी, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ. दुसरी, सातवाहनांची चेहऱ्याची चांदीची नाणी: त्यांच्यावर डोंगराशेजारी चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह असतं. तिसरी, वर सांगितली तशी नहपानाच्या नाण्यांवर पुन्हा ठसा मारलेली. पहिलीची शक्यता सर्वांत जास्त, कारण क्षत्रपांची नाणी भरपूर पाडली गेली आणि भरपूर सापडतात. दुसरी किंवा तिसरी निघाली तर महत्त्व वाढतं. पण त्यासाठी तुमच्या वागण्यात काही बदल करायचा नाही, तिन्हींना पथ्य तेच.

क्षत्रपांची निघाली तर त्यांच्या टाकसाळीची एक सवय आपल्या पथ्यावर पडते. त्या वंशाच्या बऱ्याच काळच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत वर्ष घातलेलं असतं, शक संवतातलं. त्यात 78 मिळवले की इसवी सन. मागच्या बाजूला कडेने राजाचं नाव आणि त्याच्या बापाचंही नाव, पदव्यांसकट. दोन ग्रॅमच्या आसपास चांदी, आणि त्यावर बाप, मुलगा आणि साल. या वंशाची वंशावळ आणि कालक्रम आपल्याला मुख्यतः या नाण्यांतूनच कळला. पण ते अंक आणि अक्षरं कडेला, अगदी उथळ. ठसा जरा सरकला की अर्धं वर्ष नाण्याबाहेर. जे उरतं ते केसाएवढ्या उंचीचं असतं. चिंचेने आणि ब्रशने पहिल्यांदा जातं ते हेच. चेहरा राहतो, लोक खूश होतात, आणि साल गेलेलं असतं.

म्हणून सफाईच्या प्रश्नाला माझं उत्तर: करू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, भांडी घासायची पावडर नको, नुसतं पाण्यात खळखळून धुणंही नको. जुन्या चांदीत थोडं तांबं असतंच. जमिनीत ते झिरपून वर येतं आणि हिरवा थर धरतो. तो थर नाण्यावर चढलेली घाण वाटते, पण पुष्कळदा नाण्याचा मूळ पृष्ठभाग त्या थरातच अडकलेला असतो. आम्ल हिरवं खातं तसं त्याच्याखालचंही खातं. शिवाय शतकानुशतकं मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. दिसायला धडधाकट नाणं बोटांत दाबलं की खारी बिस्किटासारखं तुटतं. आणि वजन गेलं की आमचं एक हत्यारच जातं. कुठली नाणी जास्त काळ वापरात फिरली, कुठली कोरी पुरली, हे आम्ही बरंचसं झिजेवरून आणि वजनावरून ताडतो.

थर राखण्याचं आणखी एक कारण आहे. नाणी बहुधा कापडाच्या पुरचुंडीत बांधून मडक्यात ठेवलेली असत. कापड कुजून जातं, पण तांब्याच्या क्षारांत त्याचे धागे टिकतात. भिंगाखाली त्या हिरव्या थरावर उभे-आडवे धागे स्पष्ट मोजता येतात. चिकटलेल्या नाण्यांची चळत मिळाली तर ती मुळीच सोडवू नका. एकावर एक रचून बांधलेली असेल तर तो क्रमही पुरावा आहे.

घमेल्यात चांदीखेरीज दुसऱ्या धातूचं काही दिसतंय का, ते हात न लावता पाहा. जड, करडं आणि वर पांढरी भुकटी धरलेलं नाणं शिशाचं असू शकतं. सातवाहनांनी शिशाची नाणी मुबलक पाडली. ती भुकटी विषारी असते. हाताळल्यावर हात धुवा, मुलांना लांब ठेवा. शिशाचं नाणं लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वाफेनेही ते झडतं. तांब्याच्या नाण्यावर फिकट पोपटी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्षाराचा चालू रोग समजा आणि ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.

ठेवायचं कसं, तर साधं. चेनच्या छोट्या पॉलिथीन पिशव्या आणा, प्रत्येकीला टाचणीने दोन भोकं पाडा म्हणजे ओल कोंडणार नाही. सुटं नाणं असेल तर एका पिशवीत एक, गठ्ठा असेल तर अख्खा गठ्ठा एका पिशवीत, चिकटलेल्या मातीसकट. आकडा पिशवीवर लिहा, नाण्यावर नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे नाण्यांचे अल्बम वापरू नका. ते प्लॅस्टिक कालांतराने आम्ल सोडतं. उन्हात वाळवू नका. सोनाराकडे ‘नुसतं बघून घ्या’ म्हणूनही नेऊ नका, तो सवयीने कसोटीवर कड घासणार.

आता खड्ड्याकडे. जेसीबी तिथे परत लावू नका. मडकं निघालं त्या जागेचे फोटो काढा: एक लांबून, ज्यात बांध, झाड, विहीर असं काही ओळखीचं येईल, मग जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. मडक्याची खापरं एकूणएक गोळा करा, काठाचा आणि बुडाचा तुकडा तर हमखास. वर झाकण म्हणून वाडगं ठेवलेलं असेल तर तेही. खापरावरून काळ सांगणारे लोक आहेत आणि नाणी वाचता आली नाहीत तर तोच आधार उरतो. उकरलेल्या मातीचा ढीग स्वतः चाळू नका, त्यावर ताडपत्री टाका. पुरातत्त्वचा माणूस आल्यावर तो चाळेल. त्यात नाणी असणार हे नक्की, म्हणून घरचं कुणीतरी रात्री तिथे झोपायला पाठवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी फोटो टाकणं आजच बंद करा. फोटो तालुक्याच्या ग्रुपवर पोचला की दुसऱ्या रात्री कुदळी आणि डिटेक्टर घेऊन माणसं येतात. त्यांनी चाळणी केलेले खड्डे मी पाहिलेत.

गावात गेलेली नाणी परत कशी आणायची? धमकीने येत नाहीत, उलट आणखी खोल जातात. पोलीस पाटलांना विश्वासात घ्या आणि शब्द टाका की जो आणून देईल त्याला कुणी काही विचारणार नाही. प्रत्येक घरातून आलेली नाणी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर ‘गावातून परत’ असं लिहा, कारण चुकून एखाद्याच्या घरातलं जुनंच नाणं त्यात येऊ शकतं. मडक्याच्या साठ्यात एखादी शिवराई निघाली आणि तीही अशाच पिशवीतून, की ती कुठून आली हे मला लगेच कळतं. (शिवराईवरून आठवलं: शिवराया शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ, पेशवाईतसुद्धा, पाडल्या गेल्या. घरात शिवराई आहे म्हणजे ती महाराजांच्याच टाकसाळीतली असं समजून कुणाला पैसे देऊ नका.)

कळवायचं कुणाला? तलाठी आणि पोलीस पाटलांना तोंडी लगेच सांगा, पण कायद्याला हवी असते ती जिल्हाधिकाऱ्यांना दिलेली लेखी सूचना. सापडलेल्या धनाची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती देणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही 1878 मधली रक्कम, आता त्यात काहीही बसतं. सूचनेत काय सापडलं आणि अंदाजे किती, कुठे सापडलं आणि कोणत्या तारखेला, एवढं यायलाच हवं. मग ते धन सरकारी कोषागारात जमा करायचं किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा. तुमच्या बाबतीत जमा करणं शहाणपणाचं, घरात ठेवून झोप उडवून घेऊ नका. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या सहायक संचालकांना द्या, म्हणजे नाणी ओळखणारा माणूस लवकर येईल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाही आहे. कागदपत्रं झाल्यावर वाचनासाठी तिचा उपयोग होतो.

पंचनाम्याच्या वेळी मात्र तुम्ही जागेवर हजर राहा. घाईत ‘नाणी अंदाजे पाच किलो’ असं लिहिलं जातं. तसं होऊ देऊ नका. नग मोजायला लावा, एकूण वजन लिहायला लावा, गठ्ठे असतील तर गठ्ठ्यांची संख्या वेगळी. त्यात ‘पांढऱ्या धातूची नाणी’ असं लिहितील, त्यावर वाद घालू नका. तपासणी न झालेल्या धातूला चांदी न म्हणणं बरोबरच आहे. सगळ्या पिशव्यांचा एकत्र फोटो, सील तुमच्यासमोर, आणि पंचनाम्याची प्रत हातात घेतल्याशिवाय घरी जायचं नाही.

पुढे काय होतं? जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. हक्क सांगण्याची तारीख नोटिशीपासून चार महिन्यांच्या आत ठेवता येत नाही आणि सहा महिन्यांपलीकडेही नाही. प्रत्यक्षात सगळं उरकायला याहून बराच जास्त वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. धन शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल तर पुरणाऱ्याच्या वारसांचा प्रश्न येतो. राणीचे आणि पंचम जॉर्जचे रुपये निघतात तेव्हा हा वाद रंगतो. तुमची नाणी वर्णनावरून त्याच्या कितीतरी आधीची आहेत, तेव्हा ती बेवारस ठरतील.

इथे एक गोष्ट तुमच्या चुलत्यांना आवडणार नाही. कायद्यात मोठा वाटा जमीनमालकाचा नसून सापडवणाऱ्याचा आहे. दोघांत आधीचा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. तुमच्या शेतात सापडवणारा कोण? जेसीबीचा ऑपरेटर, की मडक्यातली नाणी आधी ओळखणारा मजूर, की शेजारी उभे असलेले चुलते? हे जागेवरच्या परिस्थितीवर ठरतं आणि मी इथून ठरवू शकत नाही. पण ऑपरेटरचं नाव अर्जातून गाळू नका. गाळलं की तो बाहेर बोलतो, आणि प्रकरण नाण्यांचं न राहता लपवाछपवीचं होतं. त्याच्याशी आत्ताच मोकळेपणी बोलून जे ठरेल ते कागदावर आणा. त्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

वाटणीपूर्वी सरकार हा साठा, किंवा त्यातला निवडक भाग, घेऊ शकतं. त्याचा मोबदला म्हणजे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. चांदी असेल तर त्यातून काही हाती लागतं. शिसं किंवा पोटीन असेल तर जवळजवळ काहीच नाही, मग त्यावर नवा राजा का सापडेना. हा मोबदला तोकडा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, नोकरीत असतानाही मी ते बोलत असे. इतिहासाची किंमत धातूच्या भावाने द्यायची आणि लोकांनी प्रामाणिक राहावं अशी अपेक्षा करायची, हे फारसं जमत नाही. पण कायदा आज असा आहे, आणि न कळवण्याची बाजू त्याहून महाग पडते: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि सापडवणाऱ्याचा वाटा सरकारजमा. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

म्हणून किंमतीच्या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. क्षत्रपांची साधी चांदीची नाणी संग्राहकांच्या बाजारात दुर्मीळ नाहीत. एका नाण्याला लाखो ही बोली ऐकूनच समजायचं की समोरच्याला नाणं नको, तुम्ही हवे आहात. पुढचा मेसेज ‘नोंदणी फी’ किंवा ‘टॅक्स’ आधी भरा असा येईल. जुन्या नाणी-नोटांच्या नावाने चालणाऱ्या असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर इशाराही दिला होता. समजा गिऱ्हाईक खरं निघालं, तरी शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, देशाबाहेर तर ती खासगी माणसाला नेताच येत नाही. न कळवलेल्या साठ्यातली नाणी विकली तर विकणारे म्हणून तुमचंच नाव पुढे येणार. त्या माणसाला उत्तर देऊ नका, मेसेज मात्र पुसू नका.

राहिली चिंचेच्या पाण्यात घातलेली नाणी. ती अजून त्या पाण्यात असतील तर आत्ता बाहेर काढा. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा, स्वच्छ वाडग्यात दोन-तीनदा पाणी बदलत नाणी नुसती बुडवून ठेवा, चोळू नका. आम्ल आत राहिलं तर ते पुढेही खात राहतं. नंतर जुन्या सुती कापडावर ठेवून सावलीत कोरडी होऊ द्या, केसांच्या ड्रायरचा झोत नको. ही नाणी न धुतलेल्यांत मिसळू नका. वेगळ्या पिशव्या, त्यावर ‘धुतलेली’ असा शेरा. चुलते संकोचतील, पण अर्जात सरळ लिहा की इतकी नाणी कळवण्याआधी चिंचेने धुतली गेली. त्यासाठी कुणी त्यांना धरत नाही. शेरा नसेल तर मात्र तपासणाऱ्याला वाटतं की चकचकीत नाणी कुणीतरी नंतर आणून मिसळली, आणि मग सबंध मडक्यावर शंका येते. अर्ज आवक कक्षात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. फोनवर ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुढे काही अर्थ राहत नाही.